काचेतला गुलाब की मार्केट यार्डातली गड्डी?

मला फुलांचं वेड आहे हे ओळखीत सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे हल्ली एकच प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतो. हॉलसाठी ते काचेच्या घुमटातले महागडे 'प्रिझर्व्ड' गुलाब घ्यावेत, की दर आठवड्याला ताजा बुके आणावा? उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे वाचायचा कंटाळा असेल ते सुटतील. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे राहत असाल तर प्रिझर्व्ड फुलांत हजारो रुपये घालू नका. आणि बुकेही नको. सुटी फुलं आणा.

आता सविस्तर. प्रिझर्व्ड म्हणजे प्लास्टिकचं फूल नव्हे, नुसतं वाळवलेलंही नव्हे. गुलाब खराच असतो. पुरता उमलला की तोडतात, अल्कोहोलसारख्या द्रावणात ठेवून त्याच्यातलं पाणी काढून घेतात आणि त्या जागी ग्लिसरीन किंवा तसलंच काहीतरी भरतात, सोबत रंग. म्हणून पाकळी मऊ राहते, चुरचुरत नाही. तो निळा नाहीतर काळाकुट्ट गुलाब दिसतो ना, त्याचा रंग झाडावरचा नाही, बादलीतला. मूळचा वास जातो. येत असलाच तर वरून मारलेला असतो. यातले बरेच गुलाब इक्वाडोरचे. विषुववृत्ताजवळ पण डोंगरात उंचावर वाढल्यामुळे फूल चांगलं मुठीएवढं भरतं. कारागिरी आहे, नाही म्हणणार नाही.

पण ग्लिसरीनचा स्वभावच हवेतलं पाणी ओढून घ्यायचा. थंड, कोरड्या हवेत ते शोभतं. आपल्याकडे जुलैत किनारपट्टीला आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते. माझ्या नणंदेला लग्नाच्या वाढदिवसाला असा बॉक्स मिळाला होता, ठाण्यात. पावसाळा लागला आणि पाकळ्यांच्या कडा वडे काढलेल्या कागदासारख्या तेलकट, आरपार दिसायला लागल्या. खालच्या पांढऱ्या सॅटिनवर लाल डाग उतरले. दुकानदाराला फोटो पाठवले तर उत्तर आलं, "मॅडम, एसीत ठेवायचं असतं." म्हणजे माणसं पंख्याखाली आणि गुलाब एसीत! उन्हाजवळ ठेवला तर रंग उडतो, उघडा ठेवला तर धूळ बसते, आणि ती पुसायला गेलात की पाकळी फाटते.

"वर्षभर टिकतो, म्हणजे बुकेपेक्षा स्वस्तच पडतो" हा हिशोब विक्रेते करून दाखवतात. तो हिशोब फुलवाल्याच्या सजवलेल्या बुकेशी केलेला असतो, मार्केटातल्या गड्डीशी नाही. शिवाय महिन्याभरात त्या गुलाबाकडे घरातलं कुणी मान वळवून बघत नाही. तो शोकेसमध्ये आग्र्याहून आणलेल्या ताजमहालाशेजारी जाऊन बसतो.

बुकेबद्दलही माझं मत फारसं बरं नाही. दांडे तोकडे केलेले, एखाद्या फुलाला तार टोचलेली, पानांवर चमकी, सगळीकडून सेलोफेन. आणि तळाशी तो हिरवा फोम. तो प्लास्टिकचाच प्रकार आहे, कुजत नाही, चुरा होऊन मोरीतून पुढे जातो. एवढं करून फुलं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माना टाकतात.

त्यापेक्षा पहाटे पुण्यात गुलटेकडीला मार्केट यार्डात जा, मुंबईकरांना दादर आहेच. डच गुलाबाची गड्डी २० फुलांची असते. तळेगाव-मावळच्या पॉलिहाऊसमधला माल, 'टॉप सिक्रेट' हा लाल गुलाब तिथलाच, व्हॅलेंटाईन डेच्या आधी परदेशी जातो. त्या दिवसांत गुलाबाच्या वाटेला जाऊ नका, गणपती-दसऱ्याला शेवंती-झेंडूच्या नको. उलट पितृपक्षात मागणी बसते आणि भाव पडतात. घर फुलांनी भरायचं तर तेव्हा भरा. (सासूबाईंना हे पटलेलं नाही. फुलदाणीला मात्र त्यांची हरकत नसते.)

मला विचाराल तर घरासाठी गुलछडीच्या काड्यांसारखं दुसरं काही नाही. काडीवरच्या कळ्या खालून वर उमलत जातात. आज खालच्या दोन-चार उघडल्या, उद्या त्यांच्या वरच्या. खालची तपकिरी पडलेली फुलं रोज चिमटीने खुडायची आणि दांड्याचं टोक जरासं कापायचं. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला वास असा चढतो की कुलूप काढतानाच कळतं. काचेतल्या गुलाबाला हे एकही काम जमत नाही, आणि देवालाही तो वाहता येत नाही.

ताजी फुलं टिकत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांची फुलदाणी बहुतेक वेळा डायनिंग टेबलावर, केळ्यांच्या शेजारी असते. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, त्याने फुलं लवकर म्हातारी होतात. कार्नेशन तर आधी मान टाकतं. दांडा तिरका कापा, पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, एक दिवसाआड पाणी बदला. घरात मांजर असेल तर लिलियम मुळीच आणू नका. त्याचे परागसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडांवर उठतात.

प्लास्टिकच्या फुलांवर बंदी घाला ही फूल उत्पादकांची मागणी २०२५ मध्ये विधानसभेत गाजली. प्रिझर्व्ड फुलांना मी त्या रांगेत बसवणार नाही, तीही कुणीतरी शेतातच पिकवलेली असतात. ऑफिसचं रिसेप्शन आहे, एसी दिवसभर चालू, फुलदाणीचं पाणी बदलायला कुणाला वेळ नाही, तिथे खुशाल ठेवा. सतत फिरतीवर असलेल्या माणसाच्या घरीही चालेल.

आणि भेट म्हणून तो घुमट तुमच्याकडे आलाच असेल तर खिडकीपासून आणि बाथरूमच्या भिंतीपासून लांब ठेवा, घुमट उचलू नका, पाण्याचा थेंबही घालू नका. आमच्या सोसायटीतल्या एक काकू तुळशीला पाणी घालून झालं की उरलेलं रोज न चुकता त्या गुलाबाला शिंपडत होत्या.