बॅनर दाखवणे म्हणजे संमती घेणे नव्हे

माझा भाचा संकेतस्थळे उभारून देतो. गेल्या आठवड्यात त्याने मला एक फिरता संदेश पाठवला आणि खाली विचारले, "मावशी, एका समुपदेशन केंद्राच्या साइटवर मी असेच केले आहे, ठीक आहे ना?" टॅग मॅनेजर बसवून कुकी-बॅनर (ब्राउझरमध्ये साठवल्या जाणाऱ्या छोट्या नोंदींसाठी, म्हणजे कुकींसाठी, परवानगी विचारणारी पट्टी) लावला की युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याचीही पूर्तता होते, बॅनर पाहूनही जो वाचत राहतो त्याची संमतीच असते, नाव-पत्ता घेत नसाल तर विचारण्याची गरज नाही आणि सर्व्हर-साइड टॅगिंग केले तर बॅनरही नको, असे त्या संदेशाचे म्हणणे आहे. चारही मुद्दे चुकीचे आहेत आणि पहिला तर घातक आहे.

टॅग मॅनेजर हे टॅग, म्हणजे मोजणी किंवा जाहिरातीसाठी पानात घातलेले छोटे कोड, चालवण्याचे साधन आहे. संमती मिळाली की नाही, हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. 'ऑल पेजेस' ट्रिगरवर, म्हणजे प्रत्येक पानावर चालण्याच्या अटीवर, ठेवलेला जाहिरातीचा पिक्सेल (भेटीची खबर जाहिरात कंपनीला देणारा टॅग) पान उघडताच चालतो. मी भाच्याच्या साइटवर ब्राउझरचा नेटवर्क टॅब (पान कुठे कुठे विनंत्या पाठवते ते दाखवणारा) उघडून पाहिला, तेव्हा बॅनरवरचे एकही बटण दाबण्याआधीच जाहिरात कंपनीकडे विनंती गेली होती आणि तिच्यासोबत उघडलेल्या पानाचा पत्ताही गेला होता. ते पान नैराश्यावरील उपचारांचे होते. त्यानंतर मी 'नाकारा' दाबले, तरी पुढच्या पानावर तोच पिक्सेल पुन्हा चालला, कारण ते बटण कंटेनरमधल्या, म्हणजे टॅग मॅनेजरमधल्या टॅगांच्या संचातल्या, कोणत्याही टॅगला जोडलेलेच नव्हते. मदत शोधत आलेल्या माणसाचा नकार असा वाऱ्यावर सोडून त्याला 'पूर्तता' म्हणणे मला सहन होत नाही.

संमतीची मूळ स्थिती 'नाकारलेली' ठरवणारा आदेश इतर सर्व टॅगांच्या आधी चालला पाहिजे, आणि गूगल टॅग मॅनेजरमध्ये त्यासाठी 'कन्सेंट इनिशियलायझेशन' हा स्वतंत्र ट्रिगर आहे. इतर कंपन्यांच्या टॅगांना आपण होऊन संमतीची अट घालावी लागते. साइटच्या थीममध्ये (तिच्या मांडणीच्या साच्यात) थेट चिकटवलेली स्क्रिप्ट तर कंटेनरच्या बाहेरच असते, त्यामुळे तिला यातले काहीच लागू होत नाही.

"वाचत राहणे म्हणजे संमती" या दाव्याला जीडीपीआरच्या प्रास्ताविकातच उत्तर आहे: मौन, आधीच खूण केलेले चौकोन किंवा निष्क्रियता म्हणजे संमती नव्हे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी प्लॅनेट४९ या ऑनलाइन सोडत चालवणाऱ्या कंपनीच्या खटल्यात हेच ठामपणे सांगितले. तिने कुकीच्या चौकोनात आधीच खूण करून ठेवली होती, आणि न्यायालयाने ती संमती अवैध ठरवली. वापरणाऱ्याच्या उपकरणात साठवलेली किंवा तिथून वाचलेली माहिती वैयक्तिक असो वा नसो, संमतीचा नियम तोच राहतो, असेही त्याच निकालात म्हटले आहे. नाव-पत्त्याचा मुद्दा तिथेच निकालात निघतो.

सर्व्हर-साइड टॅगिंगमध्ये माहिती आधी आपल्या सर्व्हरवर येते आणि तिथून बहुधा त्याच कंपन्यांकडे जाते. वाट बदलली म्हणून संमतीची गरज टळत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. लॉगिन टिकवणारी किंवा खरेदीची टोपली लक्षात ठेवणारी कुकी वापरणाऱ्याने मागितलेल्या सेवेसाठीच असते, तिला संमती लागत नाही, आणि संदेशात हे ओझरते का होईना, बरोबर लिहिले आहे. पण तेवढ्या सवलतीच्या आडोशाने जाहिरातीचा पिक्सेल आत घेता येत नाही.

भाच्याने मूळ स्थिती 'नाकारलेली' केली, 'नाकारा' बटण कंटेनरला जोडले आणि उपचारांच्या पानांवरून पिक्सेल पूर्णपणे काढला. मग आम्ही दोघांनी खासगी विंडोत आधी काहीही न दाबता आणि नंतर नकार देऊन नेटवर्क टॅब पुन्हा तपासला. आधीच गेलेल्या विनंत्या परत आणता येत नाहीत, म्हणून त्यांची माहिती देणारे पत्र तो आता केंद्राच्या संचालकांना लिहीत आहे.