बेडूक, लाडू आणि रूपिका

पुतणी बी.ए.च्या परीक्षेसाठी आमच्याकडे राहायला आली आणि भाषाविज्ञानाच्या पेपरच्या आदल्या रात्री तिने विचारले, "काका, 'बेशिस्त' या शब्दात रूपिका किती?" चाळीस वर्षे मराठीत अर्ज, तक्रारी आणि सांत्वनपत्रे लिहिलेल्या माणसाला "ठाऊक नाही" असे म्हणणे शोभले नसते, म्हणून मी परीक्षकाचा आव आणून तिच्याकडूनच व्याख्या वदवून घेतली. आणखी तोडला तर अर्थच हरवेल असा भाषेतला लहानात लहान अर्थपूर्ण घटक म्हणजे रूपिका. 'शिस्त' एकटी उभी राहू शकते, म्हणून ती मुक्त. फारसीतून आलेला 'बे' दुसऱ्याच्या आधारावाचून जगत नाही, म्हणून तो बद्ध. (आमच्या घरातही असे दोन वर्ग आहेत, मी कोणत्या वर्गात मोडतो, ते सांगत नाही.) एवढे कळल्यावर मला असा चेव आला की, ज्याच्या मनात डूख नाही तो बेडूक, असेही मी सांगून टाकले. पुतणीने ते वहीत लिहिले नाही.

पुढे अनेकवचन निघाले. भिंतीच्या भिंती होतात, माळेच्या माळा आणि बोटाची बोटे. शेवटचे ई, आ, ए ही अनेकवचनाच्या एकाच रूपिकेची निरनिराळी रूपिकांतरे, म्हणजे बदलती रूपे. लाडू मात्र एक असो की दहा, लाडूच राहतो. तिथे प्रत्यय शून्य मानतात. रक्तातली साखर वाढल्यापासून मला दिवसाला एकच लाडू मंजूर असल्यामुळे हे शून्य मला फारच आवडले आणि त्या आनंदात समोरच्या डब्यात माझा हात वरचेवर जात राहिला.

"अहो, काय खाल्लंत?" स्वयंपाकघरातून प्रश्न आला.

"लाडू," मी शून्याच्या भरवशावर म्हणालो.

"लाडू खाल्लात की खाल्लेत?"

नामाने झाकलेले वचन क्रियापद उघडे पाडते, हे पुस्तक न उघडता तिला कसे कळले कोण जाणे! पुतणीने मात्र खालच्या आवाजात तोड सुचवली : अपूर्ण भूतकाळात क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते, कर्माच्या वाटेला जात नाही.

"मी लाडू खात होतो," मी सावकाश म्हणालो.

हात पुसत ती बाहेर आली आणि तिने डब्याचे झाकण काढले.

"सकाळी यात लाडू होते," ती म्हणाली. "आता लाडू आहे."