सायडरमागची बाग
सफरचंदांपासून पारंपरिक पद्धतीने सायडर, म्हणजे रस आंबवून केलेले मद्य, बनवण्यात आयुष्य वेचलेल्या वृद्ध शेतकऱ्यावरचा हा लेख मनापासून आवडला. मात्र रस काढणाऱ्या दाबयंत्राला आणि लाकडी पिंपांना त्यात जितकी जागा मिळाली आहे, तितकी बागेलाही मिळायला हवी होती. सायडरसाठीची अनेक सफरचंदे नुसती खाववत नाहीत, कारण त्यांतील टॅनिन या तुरट द्रव्यामुळे ती तुरट, कधी कडवट लागतात, आणि त्याच तुरटपणातून पेयाला भरीवपणा येतो. इंग्लंडमध्ये संशोधक बार्कर यांनी १९०३ साली आम्लता आणि टॅनिन यांवरून या सफरचंदांचे चार गट पाडले, पण केवळ चव घेऊन मिश्रण जुळवणाऱ्या शेतकऱ्यांना ही जाण त्याआधीपासून होती. रस आंबवणारे सूक्ष्मजीव म्हणजे यीस्ट, ते बाहेरून न घालता फळावरच्या आणि दाबयंत्रावरच्या नैसर्गिक यीस्टवर भरवसा ठेवणे, थंडीत रस संथपणे आंबू देणे आणि वसंतात त्यातील आंबट मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्ल होण्याची वाट पाहणे, हा संयम मला फार मोलाचा वाटतो. उंच वाढणाऱ्या जुन्या पद्धतीच्या झाडांना भरघोस फळ धरायला कित्येक वर्षे लागतात. म्हणूनच या शेतकऱ्याच्या हाताखाली कोणी तरुण हे काम शिकत आहे का, हे लेखकाने अवश्य कळवावे.