एनबीएची टाळेबंदी आणि आपण

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये संघमालक आणि खेळाडूंचं बिनसलं की आपल्याकडे बास्केटबॉल आवडीने बघणारेसुद्धा हात झटकतात. "कोट्यधीशांचं अब्जाधीशांशी भांडण, आपल्याला काय त्याचं?" मला हे अजिबात पटत नाही.

आधी शब्दाचं बोलू. लोक सर्रास '2011 चा संप' म्हणतात. तो संप नव्हता, टाळेबंदी होती. गिरण्यांच्या मुंबईला तरी हा फरक सांगावा लागू नये. संप कामगार करतो, टाळं मालक ठोकतो. 1998-99 च्या मोसमात प्रत्येक संघाचे 82 ऐवजी 50 सामने झाले, 2011-12 मध्ये 66. दोन्ही वेळा टाळं मालकांचंच होतं.

2011 मध्ये मालक म्हणत होते, 30 पैकी 22 संघ तोट्यात आहेत. पाच महिने ताणल्यावर तडजोड झाली आणि उत्पन्नातला खेळाडूंचा वाटा 57 टक्क्यांवरून निम्म्याच्या आसपास आला. मग 2014 मध्ये लॉस एंजेलिसचा क्लिपर्स संघ विकला गेला. 1981 मध्ये सव्वा कोटी डॉलरला घेतलेला हा संघ. मालकाला वर्णद्वेषी बोलण्यापायी तहहयात बंदी झाली होती, विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं, तरी किंमत आली 200 कोटी डॉलर! तोट्याची गाऱ्हाणी ऐकताना मला हा आकडा आठवतो.

आणि खेळाडूंना हे सगळं आयतं मिळालेलं नाही. 14 जानेवारी 1964, बॉस्टन, लीगमधल्या निवडक अव्वल खेळाडूंचा ऑल-स्टार सामना. बाहेर बर्फाचं वादळ, टीव्हीवर देशभर थेट प्रक्षेपण ठरलेलं. खेळाडूंची संघटना बॉब कूझीने 1954 मध्येच उभी केली होती, पण मालक तिला दाद देत नव्हते. त्या रात्री संघटनेचा अध्यक्ष टॉम हाइनसन आणि बिल रसेल, विल्ट चेंबरलेन, ऑस्कर रॉबर्टसन, जेरी वेस्ट, एल्जिन बेलर हे सगळे ड्रेसिंग रूममध्येच बसून राहिले. पेन्शनचा शब्द मिळाल्याशिवाय मैदानात उतरणार नाही. मालकांकडून धमक्यांचे निरोप येत होते. एकही जण उठला नाही. शेवटी लीगचे अध्यक्ष वॉल्टर केनेडींनी शब्द दिला, मगच सामना सुरू झाला. त्या काळी यातले कितीतरी जण उन्हाळ्यात दुसरी नोकरी करायचे. सगळी कारकीर्द पणाला लावून ते बसले होते, हे वाचताना मला आजही भरून येतं.

रॉबर्टसन त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे संघटनेचा अध्यक्ष झाला आणि 1970 मध्ये त्याने लीगवर खटला भरला. तोवर करार संपला तरी खेळाडू त्याच संघाला बांधलेला असायचा. 1976 मध्ये समझोता झाला आणि ती बेडी तुटायला सुरुवात झाली. आजच्या मोठ्या करारांचं मूळ तिथे आहे.

शिवाय सरासरी कारकीर्द जेमतेम चार-पाच वर्षांची. गुडघा गेला की संपलं. मालकाचा संघ मात्र वाढत्या किमतीसह पोराबाळांकडे जातो. टाळेबंदीत गेलेला मोसम खेळाडूला परत मिळत नाही. स्टेडियममध्ये खाणं विकणारे, तिकिटं तपासणारे यांचे बुडालेले दिवसही परत येत नाहीत. त्यांच्याबद्दल तर कुणी बोलतही नाही.

2025 मध्ये हीच लढाई महिलांच्या लीगमध्ये आली. केटलिन क्लार्क या नव्या खेळाडूमुळे 2024 मध्ये स्टेडियमं ओसंडून वाहिली आणि तिचा त्या मोसमाचा लीगकडून मिळणारा पगार होता 76,535 डॉलर. या मुली पुरुषांएवढे आकडे मागत नव्हत्या, वाढत्या उत्पन्नात रास्त वाटा मागत होत्या. जुलै 2025 मध्ये इंडियानापोलिसला त्यांचा ऑल-स्टार सामना झाला. सरावाला उतरताना सगळ्यांच्या अंगात एकच काळा टी-शर्ट होता आणि त्यावर लिहिलं होतं, 'आमचं जे देणं लागता, ते द्या.'