आयर्लंडच्या बेटावर राहायला ८० लाख? खुलासा

गावच्या ग्रुपवर फिरतंय : 'आयर्लंडच्या बेटावर राहायला जा, सरकार ८० लाख देतं.' कापसाचे पैसे एजंटाच्या हाती देण्याआधी हे वाचा. २०२३ मधली ही योजना घरदुरुस्तीच्या अनुदानाची आहे. किमान २ वर्षं रिकामं असलेलं घर आधी स्वतःच्या पैशाने घ्यायचं, दुरुस्त करायचं. पडकं असेल तर जास्तीत जास्त ८४,००० युरो, तेही काम झाल्यावर. व्हिसा किंवा नोकरी यातून मिळत नाही.

आयर्लंडच्या डोनेगल जिल्ह्यातली अरनमोर, टोरी ही बेटं देखणी आहेत, यात वाद नाही. उभे कडे, त्यावर आदळणारा अटलांटिक. पण डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि वादळ उठलं की टोरीची बोट सुटत नाही. बघायला जरूर जा, रीतसर व्हिसा काढून. 'फाईल चार्ज' मात्र कुणालाही देऊ नका.