ब्रिक्सची नोट, चाळीस रुपयांचा डॉलर आणि थांबवलेली फी

"ब्रिक्सची नोट आली! कझानमध्ये पुतिनने जगाला दाखवली. सौदीने पेट्रोडॉलरचा ५० वर्षांचा करार संपवला. ब्रिक्सची अर्थव्यवस्था जी-७ पेक्षा मोठी झाली. अमेरिका घाबरली, म्हणून टॅरिफ लावतेय. काही महिन्यांत डॉलर ४० रुपये! परदेशात फी भरायची असेल तर थांबा. एफडी मोडा, ब्रिक्स कॉइन घ्या. प्रत्येक भारतीयापर्यंत पोहोचवा."

डोंबिवलीपासून दहिसरपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतो आहे. ब्रिक्स म्हणजे ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका आदी देशांचा गट. नात्यातल्या एका घरात तो वाचून मुलीच्या अमेरिकेतल्या पुढच्या सेमिस्टरची फी 'डॉलर उतरेपर्यंत' थांबवून ठेवली गेली. तेव्हा गप्प बसणे शक्य नव्हते. सुरुवात चाळीस रुपयांपासूनच करतो, कारण लोकांचे खरे नुकसान तिथे होते आहे.

डॉलर जगात घसरला की रुपया आपोआप वधारतो, असे हा मेसेज धरून चालतो. २०२५ सालच तपासून पाहा. त्या वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत 'डॉलर इंडेक्स' सुमारे दहा टक्के पडला. 'डॉलर कोसळला' अशा बातम्या आल्या, त्या खोट्या नव्हत्या. पण त्याच वर्षाच्या सुरुवातीला आपल्याकडे डॉलर साडेपंच्याऐंशी रुपयांच्या आसपास होता, तो डिसेंबरमध्ये नव्वदच्या वर गेला. कारण त्या इंडेक्समध्ये सहाच चलने आहेत: युरो, येन, पौंड, कॅनडाचा डॉलर, स्वीडनचा क्रोना आणि स्विस फ्रँक. एकट्या युरोचे वजन ५७ टक्क्यांहून जास्त. रुपया त्यात नाहीच. रुपयाचा भाव ठरतो तो आपण तेल किती आणतो, माल किती पाठवतो, परदेशी गुंतवणूकदार आपल्या बाजारात पैसा घालतात की काढतात आणि रिझर्व्ह बँक डॉलर विकते की घेते, यावर. ब्रिक्सच्या फोटोत कोण कोणाशेजारी उभे आहे, याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

हिशेब करून बघा. वीस हजार डॉलरची फी. त्या जानेवारीच्या सुरुवातीला भरली असती तर सव्वासतरा लाखांच्या आत भागली असती. डिसेंबरपर्यंत थांबणाऱ्याला अठरा लाख मोजावे लागले. 'थांबा' या एका शब्दाची किंमत नव्वद हजार रुपये. लेट फी आणि रखडलेली नोंदणी वेगळीच.

आणि चाळीस? त्या भावाला डॉलर शेवटचा मिळाला तो २००८ च्या सुरुवातीला. आज भाव तिकडे झुकू लागला तर अंधेरीच्या सीप्झमधल्या दागिन्यांच्या कारखान्यांपासून पवईच्या सॉफ्टवेअर कंपन्यांपर्यंत सगळ्या निर्यातदारांचे कंबरडे मोडेल. त्याच्या कितीतरी आधी रिझर्व्ह बँक डॉलर खरेदीला उतरेल.

फी भरायची असेल तर इनव्हॉइसवरची शेवटची तारीख धरा आणि निदान आठवडाभर मागे या. बँकेत ए-२ फॉर्म, पॅन, इनव्हॉइस आणि प्रवेशाचे पत्र लागते. पर्पज कोड शिक्षणाचा, म्हणजे एस ०३०५ पडला आहे ना, हे स्वतः पाहा. चुकून 'नातेवाइकांचा निर्वाह' असा कोड गेला तर टीसीएसचा, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वसूल करते त्या कराचा, दरच बदलतो. दर विचारताना 'टीटी सेलिंग रेट', म्हणजे खात्यातून परदेशी पैसे पाठवण्याचा दर, विचारा. हातात मिळणाऱ्या नोटांचा दर त्याहून महाग असतो. बँकेचा आकार (शुल्क) कोण सोसणार या रकान्यात 'अवर' निवडा. 'शेअर्ड' ठेवले तर वाटेतली बँक आपले पैसे कापून घेते, फी काही डॉलरने कमी पोहोचते आणि तेवढ्यासाठी विद्यापीठ खात्यावर होल्ड लावते. विद्यार्थ्याचा आयडी संदेशाच्या रकान्यात लिहायला विसरू नका, नाहीतर पैसे पोहोचूनही कोणाच्या नावावर जमा होत नाहीत. भावाची धास्ती असेल आणि मुदत लांब असेल तर रक्कम दोन-तीन हप्त्यांत पाठवा. भाव सरासरीवर येतो. फक्त प्रत्येक वेळचा बँकेचा आकार हिशेबात धरा.

आता ती नोट. ऑक्टोबर २०२४ मध्ये रशियातल्या कझानच्या ब्रिक्स परिषदेत पुतिन यांच्या हातात जी दिसली ती स्मरणिकेसारखी नमुन्याची नोट होती. ती कोणत्याही देशाच्या मध्यवर्ती बँकेने काढलेली नव्हती. तिने भाजीही विकत मिळणार नाही. त्यानंतर डिसेंबरमध्ये आपले परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी दोह्यात सांगितले की ब्रिक्स चलनाचा प्रस्तावच नाही आणि डॉलर हटवण्याच्या बाजूने भारत कधीच नव्हता. क्रेमलिननेही पुढे सामायिक चलनाची चर्चा चालू नसल्याचे जाहीर केले. ज्यांची नोट म्हणता, तेच नाही म्हणताहेत.

सामायिक चलन म्हणजे काय असते, ते युरोकडे पाहून कळते. १९९२ चा मास्ट्रिख्ट करार, १९९९ ला चलन, २००२ ला प्रत्यक्ष नोटा. त्यासाठी प्रत्येक देशाने आपला व्याजदर ठरवण्याचा हक्क एका बँकेच्या हाती दिला, तूट ३ टक्के आणि कर्ज ६० टक्के अशा मर्यादा मान्य केल्या, आणि तरीही ग्रीसच्या वेळी सगळे हादरले. ब्रिक्समध्ये हे करायचे तर व्याजदर कोण ठरवणार? दहा सदस्यांच्या एकूण अर्थव्यवस्थेत साठ टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या चीनचा आहे. गलवाननंतर चार वर्षांनी कुठे गस्तीचा तोडगा निघाला, तोही त्या कझान परिषदेच्या तोंडावर. अशा शेजाऱ्याच्या हाती आपल्या गृहकर्जाचा व्याजदर देण्यासारखे ते आहे. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी किती जणांना हे चालेल?

नोट बाजूला ठेवा, आपापल्या चलनात व्यवहार करू म्हटले तरी काय होते ते पाहा. मुंबईतला व्यापारी ब्राझीलहून कच्चे सोयाबीन तेल आणतो. सौदा टनामागे डॉलरमध्ये ठरतो. त्याची बँक न्यू यॉर्कमधल्या आपल्या नोस्ट्रो खात्यातून, म्हणजे तिथल्या बँकेत ठेवलेल्या डॉलरच्या खात्यातून, पैसे देते. उद्या त्याने 'मी रुपये देतो' म्हटले, तर ब्राझीलच्या विक्रेत्याला घरी हवे असतात रेआल. रुपया देऊन रेआल घ्यायला थेट गिऱ्हाईक जवळपास नसते, म्हणून बँक रुपया-डॉलर आणि डॉलर-रेआल असे दोन भाव जोडूनच दर काढते. बिलावर डॉलर दिसला नाही तरी दराच्या पोटात तो असतोच.

रशियाबरोबर आपण हे प्रत्यक्ष करून पाहिले. ११ जुलै २०२२ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने विशेष रुपी व्होस्ट्रो खात्यांची सोय केली. रशियन बँक भारतीय बँकेत रुपयाचे खाते उघडते. आपला आयातदार त्यात रुपये भरतो. रशियाला माल पाठवणाऱ्या निर्यातदाराला त्यातूनच पैसे मिळतात. व्यवस्था चांगली आहे, पण ती चालते दोन्ही पारडी जवळपास सारखी असली तरच. २०२४-२५ मध्ये आपण रशियाकडून घेतले सुमारे ६४ अब्ज डॉलरचे आणि विकले पाच अब्ज डॉलरहून कमी. मग उरलेल्या रुपयांचे रशियाने करायचे काय? मे २०२३ मध्ये गोव्यात आले असताना रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह यांनी हीच तक्रार केली: भारतीय बँकांत अब्जावधी रुपये पडून आहेत, वापरता येत नाहीत. ते सरकारी रोख्यांत गुंतवायची मुभा आहे, पण ज्याला युद्धासाठी सुटे भाग हवेत त्याला रोखे कशाला हवेत? म्हणून तेलाचा बराच पैसा संयुक्त अरब अमिरातींच्या दिरहममध्ये जाऊ लागला. आणि दिरहम एका डॉलरला ३.६७२५ या दराने डॉलरलाच बांधलेला आहे. अमिराती स्वतः ब्रिक्सचे सदस्य आहेत, हे विसरू नका.

ज्यांना आकड्याशिवाय पटत नाही त्यांच्यासाठी एकच आधार पुरेसा आहे. बासेलची बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स दर तीन वर्षांनी जगभरच्या चलनबाजाराची मोजणी करते. प्रत्येक सौद्यात दोन चलने असल्याने बेरीज २०० टक्के धरतात. एप्रिल २०२२ मध्ये ८८ टक्के सौद्यांत एका बाजूला डॉलर होता. रशियावर निर्बंध आले, ब्रिक्स पाचाचे दहा झाले, कझान झाले. एप्रिल २०२५ मध्ये डॉलर ८९ टक्क्यांवर. चीनचा युआन ७ वरून साडेआठवर. डॉलर मेला म्हणणाऱ्यांनी आधी हे वाचावे.

ब्रिक्सने खरोखर जे उभारले तेही डॉलरमध्येच मोजले जाते. शांघायच्या न्यू डेव्हलपमेंट बँकेचे पहिले अध्यक्ष आपले के. व्ही. कामत. या बँकेने २०१८ मध्ये मुंबई मेट्रोसाठी कर्ज मंजूर केले, २६ कोटी डॉलर. संकटकाळासाठी १०० अब्ज डॉलरचा राखीव निधी ठरला, त्यात भारताचा वाटा १८ अब्ज. पण गरज पडली तर आपल्या मर्यादेच्या ३० टक्केच रक्कम सहज उचलता येते. बाकी ७० टक्क्यांसाठी आधी वॉशिंग्टनमधल्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा कार्यक्रम लागू असावा लागतो. म्हणजे वॉशिंग्टनचा दरवाजा ठोठावल्याशिवाय ब्रिक्सची तिजोरी पुरती उघडत नाही. ही अट सदस्यांनी स्वतः लिहून घेतली आहे.

मग अमेरिकेने या गटाला घाबरावे का? गटाची भीती वाटते ती त्यातला एक अडचणीत आला की बाकीच्यांवर बंधन पडते तेव्हा. नाटोचे पाचवे कलम तसे आहे. ब्रिक्सला सनद नाही, कायमचे सचिवालय नाही, संरक्षणाचे बंधन नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेने इराणच्या फोर्दो, नतान्झ आणि इस्फहान या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. इराण तेव्हा ब्रिक्सचा सदस्य होता. जुलैत रिओच्या जाहीरनाम्यात हल्ल्यांचा निषेध झाला, पण अमेरिकेचे नाव घेतले गेले नाही. नाईलच्या धरणावरून इजिप्त आणि इथियोपियाचे पटत नाही, तीन बेटांवरून इराण आणि अमिरातींचे. एकमताशिवाय काही ठरत नाही आणि एकमत क्वचित होते.

पेट्रोडॉलरचा करार: जून १९७४ मध्ये अमेरिका आणि सौदी यांनी आर्थिक सहकार्याचा संयुक्त आयोग नेमला. तेल फक्त डॉलरमध्येच विकू असे कलम त्यात नाही, त्यामुळे पन्नास वर्षांनी ते संपायचा प्रश्नच येत नाही. सौदीचा रियाल आजही ३.७५ ला डॉलरला बांधलेला आहे.

जी-७ (अमेरिका, जपान, जर्मनी आदी सात श्रीमंत देशांचा गट) पेक्षा मोठी अर्थव्यवस्था: हे फक्त क्रयशक्तीच्या मापाने खरे आहे. म्हणजे दादरमधली दाढी-कटिंग न्यू यॉर्कच्या भावाने मोजायची. राहणीमान तोलायला ते माप योग्य आहे, पण तेल आणि विमाने बाजारभावाने घ्यावी लागतात आणि तिथे जी-७ आजही बरेच पुढे आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, मनाविरुद्ध का होईना. डॉलरबद्दलचा जगाचा विश्वास उणावला आहे. २०२२ मध्ये रशियाच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे ३०० अब्ज डॉलरचे साठे पाश्चात्त्य देशांनी गोठवले, आणि प्रत्येक देशाला कळले की हे आपल्याबाबतही होऊ शकते. जगाच्या परकीय गंगाजळीत डॉलरचा वाटा शतकाच्या सुरुवातीला सत्तर टक्क्यांच्या वर होता, तो साठच्या खाली आला आहे. मार्च २०२५ मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेकडे सुमारे ८८० टन सोने होते, त्यातले ५१२ टन देशातच. नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प यांनी ब्रिक्स चलन काढल्यास १०० टक्के आयातशुल्काची धमकी दिली, हेही खरे. म्हणजे वॉशिंग्टनला काळजी आहे. पण ती काळजी अमेरिकेनेच डॉलरचा हत्यारासारखा वापर केल्यामुळे ओढवली आहे. उपायही प्रत्येक देश आपापला करतो आहे: कोणी सोने घेतो, कोणी युआन, कोणी दोन देशांपुरता करार. हे होत राहील, वर्षानुवर्षे, आणि त्याने तुमच्या फीचा दर चाळीसवर येणार नाही.

राहिला तो 'ब्रिक्स कॉइन'. ब्रिक्सने असे कोणतेही नाणे काढलेले नाही. या नावाने विकले जाणारे टोकन म्हणजे कोणीतरी बनवलेले खासगी क्रिप्टो. बँकेतल्या ठेवीला, व्याजासह, पाच लाखांपर्यंत विमा आहे; या टोकनला कसलाच नाही. एफडी मुदतीआधी मोडली की व्याजातही कपात होते. ज्येष्ठ नागरिकांना टेलिग्रामवरच्या ग्रुपमध्ये ओढतात, आधी थोडा 'नफा' काढू देतात, मोठी रक्कम आली की पैसे काढताना 'टॅक्स आधी भरा' म्हणतात. ही खूण पक्की ध्यानात ठेवा: स्वतःचेच पैसे परत मिळवायला पैसे भरा म्हटले की ती फसवणूक आहे. पुढचा एक रुपयाही पाठवू नका. स्क्रीनशॉट, यूटीआर (व्यवहाराचा) क्रमांक आणि समोरच्याचे खाते किंवा यूपीआय आयडी लिहून ठेवा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरायच्या आत तक्रार गेली तरच ते गोठवता येतात. आपल्या बँकेलाही त्याच तासात कळवा. ठेवींच्या नावाखाली पैसे गोळा करणारी मंडळी असतील तर रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर नोंद करा, सोसायटीतल्या कोणाची ओळख असली तरीही.