उन्हाळ्यातले महाबळेश्वर पाण्याच्या मागाने पाहावे

मे महिन्यात महाबळेश्वरला निघालेल्या माणसाला हमखास ऐकावे लागते की, आता तिथे काय पाहणार, धबधबे आटलेले, गवत वाळलेले आणि गर्दी मात्र अफाट. गर्दीचे खरे आहे. बाकीचे मला मुळीच मान्य नाही. माझे मत असे आहे की हा डोंगर समजून घ्यायला उन्हाळ्यासारखा दुसरा ऋतू नाही. पावसाळ्यात धुक्याने झाकलेला खडक या दिवसांत उघडा असतो आणि ऑक्टोबरपासून पावसाने पाठ फिरवलेली असतानाही जे झरे वाहत राहतात, त्यांच्यावरूनच या डोंगराने पोटात किती पाणी राखून ठेवले आहे ते कळते.

आम्ही सांगलीचे. आमच्या नळाला येते ते कृष्णेचे पाणी, त्यामुळे सुटीतल्या त्या एका दिवसात काय पाहायचे हे ठरवताना मी घरच्यांना आग्रह केला की पॉईंटांची यादी बाजूला ठेवावी आणि पाणी जिथून निघते तिथून सुरुवात करावी. सकाळी बाजारपेठेत न रेंगाळता आम्ही थेट क्षेत्र महाबळेश्वर गाठले. पंचगंगा मंदिरात दगडी गोमुखातून पाण्याची धार कुंडात पडत असते. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम इथे मानला जातो. सरस्वती पाच तपांनी, म्हणजे साठ वर्षांनी, आणि भागीरथी एका तपाने, म्हणजे बारा वर्षांनी, प्रकट होते अशी श्रद्धा आहे. आईने त्या धारेखाली ओंजळ धरली, डोळ्यांना पाणी लावले आणि बराच वेळ ती काही बोलली नाही. पुतण्याने मात्र लगेच विचारले, की पाऊस नाही, वर आणखी उंच डोंगर नाही, मग हे पाणी येते कुठून? त्या दिवसातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच होता, आणि माझ्या मते महाबळेश्वरला येणाऱ्या प्रत्येकाने तो विचारायला हवा.

त्याचे उत्तर पायाखालच्या दगडात आहे. सह्याद्रीचा हा सारा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला. हा काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट. त्यातून पाणी सहजासहजी झिरपत नाही. परंतु महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर या कातळाची लाखो वर्षे झीज होऊन तांबड्या, सच्छिद्र जांभ्या दगडाची टोपी तयार झाली आहे; पाचगणीचे टेबल लँड म्हणजे तीच टोपी. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस या माथ्यावर कोसळतो. त्यातले बरेचसे पाणी उतारावरून धावून जाते, पण काही जांभ्यात मुरते, खाली चिकणमातीच्या आणि कातळाच्या थरापाशी अडते आणि मग कड्याच्या कडेने, जिथे वाट सापडेल तिथे, सावकाश बाहेर पडत राहते. गोमुखातली उन्हाळ्यातली धार ही अशी मागच्या पावसाळ्याची शिल्लक आहे. हे पुतण्याला सांगताना मला जाणवले की श्रद्धा आणि भूगर्भशास्त्र या दोहोंनी आपल्याला एकाच जागी आणून उभे केले आहे, आणि दोघांचेही म्हणणे एकच आहे की ही जागा जपा.

तिथून आम्ही आर्थर सीटला गेलो. आर्थर मॅलेट यांच्या नावाने ओळखला जाणारा हा कडा पाहायला रोज शेकडो गाड्या येतात. लोक कठड्याला टेकून छायाचित्रे काढतात आणि परत फिरतात. वाटेतल्या टायगर स्प्रिंगपाशी थोडे थांबावे, तो झराही भर उन्हाळ्यात वाहता असतो. पण खरे थांबायचे ते कड्याच्या टोकाशी. एका बाजूला सावित्रीचे खोल, उघडेबोडके खोरे कोकणात उतरत जाते आणि दुसऱ्या बाजूला जोर गावाचे खोरे, त्यातले ब्रह्मारण्याचे दाट रान दिसते. या धारेच्या पश्चिमेला पडलेला पावसाचा थेंब सावित्रीतून बाणकोटच्या खाडीला, म्हणजे अरबी समुद्राला मिळतो. पूर्वेला पडलेला थेंब कृष्णेतून वाई, सांगली करत महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र प्रदेश ओलांडून सुमारे चौदाशे किलोमीटरांच्या प्रवासानंतर बंगालच्या उपसागराला जातो. पश्चिमेचा समुद्र इथून जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटरांवर आहे. दोन समुद्रांची वाटणी करणारी ही धार आपण दहा मिनिटांत पाहून मोकळे होतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मे महिन्यात या कड्यांवरचे थर पाने मोजावीत तसे मोजता येतात. मधूनमधून दिसणारे तांबूस पट्टे हे दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात तयार झालेल्या मातीचे आहेत. भूशास्त्रात पश्चिम घाटातल्या लाव्हाच्या थरसमूहांना महाबळेश्वर, आंबेनळी, पोलादपूर अशी इथलीच नावे दिलेली आहेत. प्रतापगडाकडे जाताना आंबेनळी घाटातून उतरणारा प्रवासी त्या क्रमाने वरून खाली, म्हणजे अलीकडच्या थराकडून अधिक जुन्या थराकडे प्रवास करत असतो. ज्या घाटाचे नाव जगभरातल्या शोधनिबंधांत आढळते, त्या घाटात त्याविषयी चार ओळींचा फलकदेखील माझ्या पाहण्यात आला नाही.

दुपारचे ऊन आम्ही जंगलात घालवले. अंजनी, जांभूळ आणि पिसा या झाडांचे हे सदाहरित रान बुटके पण इतके घट्ट असते की बाहेर डोळे दिपत असताना आत गारवा असतो. करवंदे आणि जांभळे द्रोणातून विकणाऱ्या बायका रस्त्याकडेला बसलेल्या असतात. त्यांच्याकडून जरूर घ्यावीत, घासाघीस करू नये. पाण्याच्या हिशेबात या रानाची किंमत मोठी आहे, कारण धो-धो पावसाचा मारा पानांवर आणि पाचोळ्यावर झेलून तो जमिनीत सावकाश मुरवण्याचे काम तेच करते. उतारांवर वणव्याने काळे पडलेले पट्टे दिसले तेव्हा म्हणूनच जीव कासावीस झाला. पेटती काडी फेकणाऱ्याला कदाचित गवत जळाले एवढेच वाटत असेल, पण पुढच्या पावसात तिथली माती वाहून जाते आणि तिच्याबरोबर पाणी धरून ठेवण्याची शक्तीही जाते.

वेण्णा तलावावर नौकाविहार, घोडे, मक्याची कणसे हे सारे आहेच, आणि मुलांना त्याचा आनंद मिळू द्यावा. मात्र हा तलाव करमणुकीसाठी बांधलेला नाही, हे त्यांना सांगावे. साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी 1842 साली गावाच्या पाण्याची सोय म्हणून तो बांधवला आणि आजही महाबळेश्वर-पाचगणीच्या पाणीपुरवठ्याचा तो आधार आहे. ज्या पाण्यात आपण नाव वल्हवतो तेच संध्याकाळी खोलीतल्या नळाला येते. एवढा पाऊस पडणाऱ्या तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांना उन्हाळ्यात पाण्याची चणचण भासते, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण हजारोंच्या संख्येने तिथे उतरतो. म्हणून पाहुण्याने पाणी जपून वापरावे, ही अपेक्षा मला अगदी किमान वाटते.

याहून मोठी गोष्ट बांधकामांची आहे. केंद्र सरकारने 2001 साली महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. त्यामागचे कारण अनेकांना केवळ हिरवाई आणि सृष्टिसौंदर्य एवढेच वाटते, आणि मग नियम म्हणजे विकासातला अडथळा अशी भाषा सुरू होते. परंतु जांभ्याचा माथा काँक्रीटने झाकला, त्यावर फरसबंदी करून वाहनतळ केले, ठिकठिकाणी बोअर मारून खालचे पाणी उपसले, तर ज्या दगडात पाणी मुरायचे तोच दगड निकामी होतो आणि त्याचा परिणाम गोमुखापासून धोम, कण्हेर आणि कोयनेच्या जलाशयांपर्यंत खाली येणाऱ्या प्रवाहावर होतो. हा प्रश्न एकट्या महाबळेश्वरकरांचा नाही. इथल्या माणसाला पर्यटनावर पोट भरावे लागते, ते त्याने सन्मानाने भरावे. पण आणखी एक मजला, आणखी एक तरणतलाव मागणारे ग्राहक आपण खालच्या शहरांतले लोकच आहोत, आणि त्या पाण्यावर जगणारेही आपणच आहोत.

उतरत्या उन्हात आम्ही केट्स पॉईंटला गेलो, कारण तिथून बलकवडी आणि धोम ही दोन्ही धरणे, त्यांच्यात अडलेली कृष्णा आणि पलीकडे वाईचा प्रदेश एका नजरेत येतो. सकाळी ओंजळीत घेतलेले पाणी खाली कुठे जाते हे आईला तिथे बोटाने दाखवता आले. दिवसाचा हा क्रम मी प्रत्येकाला सुचवेन: सकाळी क्षेत्र महाबळेश्वर, मग आर्थर सीट, दुपारी रान आणि शेवटी केट्स पॉईंट. इतर पॉईंट राहून गेले तर राहू द्यावेत.

स्थानिक नगरपालिका, वनखाते आणि पर्यटन विभाग यांच्याकडे माझी एक साधी मागणी आहे. आर्थर सीटच्या टोकाशी पाणलोटाचा नकाशा असलेला मराठी फलक लावावा, पंचगंगेच्या आवारात जांभ्याचा आणि झऱ्याचा संबंध सोप्या आकृतीत दाखवावा, आंबेनळी घाटात सुरक्षित जागी थरांची माहिती द्यावी, आणि टॅक्सीचालकांना त्याचे रीतसर प्रशिक्षण द्यावे, कारण येणारे बहुतेक पाहुणे डोंगराविषयी जे काही ऐकतात ते त्यांच्याच तोंडून ऐकतात. आर्थर सीटला दरीतल्या वाऱ्याने हलकी वस्तू वर येते हे दाखवण्यासाठी बाटलीची झाकणे फेकण्याचा प्रकारही त्याच दिवशी बंद करावा. ती सगळी वर येत नाहीत, उरलेली सावित्रीच्या खोऱ्यात पडून राहतात.